नळीतला कापूस

जे लिहितोय ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या म्हाताऱ्याला तर नाहीच. नेमबाजीच्या रेंजवर त्या दिवसाची पहिली गोळी भरण्याआधी त्यानं मला विचारलं होतं, "नळीतून आरपार पाहिलंस?" मी म्हणालो, "पाहिलं." पाहिलं नव्हतं. विसरलो होतो म्हणावं तर तसंही नाही. पाहिलं तर काय दिसेल, याची मला भीती वाटत होती.

भीती हे माझं जुनं दुखणं. साताऱ्याच्या शाळेत एनसीसीत होतो तेव्हा फायरिंगच्या दिवशी ताप आल्याचं सांगून तंबूत पडून राहिलो. बाहेर एकेक आवाज झाला की पांघरुणात दचकायचो. आईचे वडील फौजी, दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन आलेले. घरी आल्यावर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "बंदूक बघून ताप चढतो व्हय रं तुला?" सगळे हसले. मीही हसलो. आजोबांच्या तोंडी आयुष्यभर एकच बंदूक असायची, थ्री नॉट थ्री. तिच्या लाथेनं खांदा कसा निळा पडायचा, हे ते कौतुकानं सांगायचे, जसं कुणी खोडकर नातवाचं सांगावं.

म्हणून चाळिशी उलटल्यावर, आयर्लंडात कॉर्कजवळ रिंगास्किडीच्या औषधांच्या कारखान्यात नोकरी करत असताना, एका सहकाऱ्याबरोबर गंमत म्हणून रेंजवर गेलो आणि तिथं टेबलावर तीच बंदूक आडवी दिसली, तेव्हा माझे पाय तिथंच थांबले. ती म्हाताऱ्याची होती. तो निवृत्त भूगोल-शिक्षक, बायको वारलेली, क्लबचा सेफ्टी ऑफिसर. दंडावर लाल पट्टा बांधून गोळीबार सुरू कधी करायचा, थांबवायचा कधी, हे तो ठरवायचा. खांदा दुखायला लागल्यामुळे त्याला ती विकायची होती, पण येईल त्याला नाही.

"कुठला तू?" त्यानं विचारलं.

"इंडिया. महाराष्ट्र. सातारा म्हणून गाव आहे, तुम्हाला माहीत नसेल."

"काळा बेसाल्ट. वर सपाट डोंगर." भूगोल शिकवणाऱ्या माणसाला माझं गाव दगडावरून माहीत होतं. मग मी आजोबांचं सांगितलं. तो खूश झाला. "माझे आजोबासुद्धा हीच घेऊन लढले. आधी इंग्रजांच्या बाजूनं. मग घरी आले आणि इंग्रजांकडूनच एक चोरली. आमच्या घराण्यानं हिची दोन्ही टोकं पाहिली आहेत, लॅड."

बंदूक त्यानं मलाच विकायचं ठरवलं. बायकोला हे अजिबात आवडलं नव्हतं. "या वयात लोक सायकल घेतात," ती म्हणाली. तरी परवान्याचं सगळं रीतसर झालं. वरच्या छोट्या खोलीतल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथं कपाटाला म्हणतात त्यात, भिंतीला बोल्ट मारून पोलादी पेटी बसवली. तपासायला गार्डा, म्हणजे इथली पोलीस, आली, माझ्या भाचीच्या वयाची. तिनं पेटी हलवून पाहिली, "ग्रँड" म्हणाली आणि जिन्यावरून उतरताना सहज बोलावं तसं बोलली, "किल्ली तुमच्याचकडे. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात बंदूक एकटी द्यायची नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही. ठीक?"

"ठीक," मी म्हणालो. त्या वर्षी आमचा नागरिकत्वाचा अर्ज गेलेला होता. ठीक नाही म्हणून सांगतो कोणाला?

बंदूक घरात आल्यापासून माझी झोप पातळ झाली. ती पेटीत, काडतुसं वेगळ्या कुलुपात, तरी मी उठून कडी चाचपायचो. रेंजला जाताना गाडीच्या डिकीत ती असली की प्रत्येक मागची गाडी पोलिसांची वाटायची. माझ्या रंगाच्या माणसाच्या डिकीतली लांब पिशवी बघून शेजारी काय म्हणतील, म्हणून गाडी मी गॅरेजमध्ये उलटी घेऊन भरायचो. शौक म्हणून घेतलेली वस्तू, आणि तिच्याकडे मी चोरासारखा बघायचो.

सप्टेंबरात तिला पहिल्यांदा नेम लावायला घेतलं. जुन्या फौजी बंदुकीला दुर्बीण नसते. मागं एक छिद्र आणि नळीच्या टोकावर उभी माशी, म्हणजे पोलादाचं एक इवलंसं पातं. दोन्ही जुळवून कागदावर मारायचं, गोळ्या कुठं जमा होतात ते पाहायचं आणि मग माशी सरकवायची. म्हाताऱ्यानं पहिल्याच वेळी नियम घालून दिला. भरायच्या आधी बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, काढायचा, मागून डोळा लावायचा, पलीकडचा उजेड गोल दिसला पाहिजे. "नळीत कोळ्याचं जाळंसुद्धा मला चालत नाही," तो म्हणाला. "पाहिलंस की मोठ्यानं सांगायचं. मी विचारणार, तू सांगणार. दर वेळी."

पहिली गोळी मी डोळे मिटून मारली. खांद्यात कुणीतरी दगड घातल्यासारखं झालं आणि तोंडात तांब्याची चव आली.

"डोळे उघडे ठेवायचे असतात," तो दुर्बिणीतून कागद बघत म्हणाला. "मिटूनच मारायचं तर घरी बसून मार, पेट्रोल वाचेल."

फळ्यांनी वेगळ्या केलेल्या शेजारच्या खणात एक दांडगा शेतकरी होता. तो ओरडला, "माझ्या कागदावर एक जादा भोक आहे! केमिस्ट, तुझं का?" औषधांच्या कारखान्यातला म्हणून तो मला केमिस्ट म्हणायचा. भोक खरंच माझं होतं.

पुढच्या गोळ्या माझ्याच कागदावर लागल्या, पण सगळ्या डावीकडे आणि खाली. मला वाटलं माशी उजवीकडे न्यायची. म्हाताऱ्यानं मान हलवली. "उलट. जिकडं चूक, तिकडंच माशी न्यायची." त्यानं एका छोट्या अवजारानं ती डावीकडे केसभर सरकवली. उंचीसाठी मात्र बुटकं पातं लागणार होतं. ते त्याच्याकडे घरी एका डब्यात होतं, पुढच्या खेपेला आणतो म्हणाला. मग पाऊस आडवा यायला लागला. छपराखाली उभं राहून त्यानं माझ्यासाठी नळी साफ केली. गजाला फडक्याचा तुकडा लावून आरपार, पुन्हा नवा तुकडा, पुन्हा आरपार. तोंडानं आल्प्स कसे वर आले ते चाललेलं. शेवटचं फडकं पांढरंशुभ्र बाहेर येऊन टेबलाखाली पडलं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

त्या पावसाळी गडबडीत त्यानं बोल्ट घातला, बंदूक पिशवीत सरकवली आणि आम्ही गाड्यांकडे पळालो.

तेव्हा आई आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आलेली होती. ऑक्टोबरात खंडेनवमी आली. तिनं सकाळीच विषय काढला. "घरात हत्यार हाय आन् पूजा न्हाई? माझ्या बापाच्या हातातली बंदूक हाय ती."

बायको ऑफिसला निघता निघता म्हणाली, "आई, विळीची करा ना पूजा. स्क्रू ड्रायव्हर देते हवा तर."

"विळी रोजचीच हाय," आई म्हणाली.

दुपारी मी लवकर घरी आलो. बैठकीच्या खोलीचे पडदे लावले, दिवसाढवळ्या. पेटी उघडून बंदूक खाली आणली, बोल्ट वरच ठेवला, काडतुसं कुलपात. पाटावर लाल खण पसरून आईनं ती आडवी घेतली, बाळंतिणीच्या हातून मूल घ्यावं तशी. मुलगी शाळेतून आली, दारात थबकली. "आजी, दॅट्स मेंटल," म्हणाली आणि फोटो काढायला फोन काढला. मी तिच्या अंगावर असा खेकसलो की ती रडत वर गेली. तो फोटो कुठं गेला असता, कुणी पाहिला असता, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता.

तेवढ्यात कारखान्यातून फोन आला. शीतगृहाचं तापमान वर चाललेलं. घरात सिग्नल नीट येत नाही म्हणून मी मागच्या बागेत गेलो. बोलत राहिलो. पाच मिनिटांपेक्षा जास्त.

परत आलो तर पूजा मांडून झाली होती. हळदीकुंकवाची बोटं दस्त्यावर आणि नळीवर. झेंडू नव्हता, म्हणून सुपरमार्केटातली पिवळी शेवंती. आणि कापसाचं वस्त्र. आपल्याकडे देवाला घालतात तसं, औषधाच्या दुकानातल्या कापसाच्या गुंडाळीतून तिनं वळलेलं, मध्ये मध्ये कुंकवाची बोटं लावलेलं. ते नळीवरून लोंबत होतं आणि त्याचं एक टोक नळीच्या तोंडात गेलेलं होतं.

"आई, हे आत का घातलंस?"

"गळ्यात ऱ्हाईना, निसटाय लागलं. म्हणून तोंडात खोवलं. उदबत्तीच्या काडीनं सारलं जरा. तुपाचं बोट लावलंय, आता न्हाई हलायचं. बघ की, कसं सोन्यावानी दिसतंय."

खरंच सुंदर दिसत होतं. मी नमस्कार केला. आईनं डोळे पुसले. आणि दारात बायकोची गाडी वाजली.

मी वस्त्र ओढलं. ते नळीच्या तोंडाशी तुटलं. हातात आलेल्या टोकाकडे मी पाहिलं. ते विस्कटलेलं होतं, त्याला पुढचा भाग नव्हता. हे मला तेव्हाच कळलं, नंतर नाही. पण जिन्यावरून वर जायची घाई होती. किचन पेपरनं हळद पुसली, बंदूक पेटीत टाकली, किल्ली फिरवली. गज घालून उद्या काढू म्हटलं. उद्या दसरा होता. परवा आई दिवसभर वरच्या खोलीतच वाती वळत बसली होती. तिच्यासमोर पेटी उघडली तर ती पुन्हा बंदूक मागेल, बायको विचारेल पहिल्यांदा कधी उघडली होती, असं एकातून एक. शनिवारपर्यंत मी स्वतःची समजूत घातली होती की सगळा कापूस बाहेर आला असणार. एवढासा कापूस तो.

शनिवारी रेंजवर आम्ही तिघंच होतो. म्हातारा, तो शेतकरी आणि मी. म्हाताऱ्यानं खिशातून डबी काढून बुटकं पातं दाखवलं, चिमट्यानं बसवायला लागला आणि थांबला. माशीच्या दोन्ही बाजूंना संरक्षणाला कान असतात, त्यांच्या खाचेत त्याला काहीतरी दिसलं होतं. त्यानं नखानं ते खरवडलं. पिवळं.

"हे काय?"

"गंजाचं... औषध," मी म्हणालो.

शेतकऱ्यानं वाकून वास घेतला. "औषध कसलं, करी आहे ही! केमिस्टनं बंदुकीला फोडणी दिली!" तो मोठ्यानं हसला. म्हातारासुद्धा हसला, चांगल्या मनानं. मीही हसलो. कानशिलं पेटली होती.

पातं बसलं. शेतकरी आपल्या खणात गेला. म्हाताऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि नेहमीसारखं विचारलं, "नळीतून आरपार पाहिलंस?"

बोल्ट माझ्या हातात होता. डोळा लावायला एक क्षण पुरला असता. पण उजेड दिसला नाही तर? मग गज घालावा लागणार, मग पिवळालाल तुपकट कापूस त्या दोघांसमोर टेबलावर पडणार, मग हे काय, कुणी घातलं, ती बंदूक तुझ्या आईच्या हातात एकटी होती का. कारखान्यात मी न पाहिलेल्या कुठल्याही गोष्टीवर कधी सही केली नव्हती. माझी ख्यातीच ती होती.

"पाहिलं," मी म्हणालो.

बोल्ट घातला, गोळी भरली, चाप ओढला. आवाज वेगळा आला. जड, कोंडल्यासारखा. लाथ नेहमीचीच होती, पण डोळे उघडले तेव्हा समोर माशी नव्हती. नुकतंच बसवलेलं पातं, त्याचे कान, काहीच नाही. म्हातारा ओरडला, "थांबा! सगळ्यांनी थांबा!" सगळे म्हणजे आम्ही तिघं. शेतकरी खाली पडलेलं पेन उचलायला वाकला होता, तो तसाच वाकलेला राहिला. दोन खणांच्या मधल्या लाकडी फळीत, तो बसला असता तर त्याच्या गालाच्या उंचीवर, पोलादाचा तुकडा रुतला होता.

मी टेबलाला धरून होतो आणि माझे दात वाजत होते, खरोखर वाजत होते.

म्हाताऱ्यानं बंदूक माझ्या हातातून घेतली, बोल्ट काढला, नळीवरून बोट फिरवत टोकाशी आला आणि त्याचं बोट थांबलं. नळी तिथं अंगठी घातल्यासारखी फुगली होती. मग त्यानं तारेच्या आकड्यानं आतून काहीतरी खरवडून काढलं. काळे, जळके धागे. त्यानं ते अंगठा आणि बोटामध्ये चुरले. मला त्या काळ्यात एक पिवळा तंतू दिसला. तो चष्म्यावरून बघत होता, त्याला दिसला नसावा.

"कापड," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला. "माझं फडकं आहे हे. मागच्या वेळी बडबडत होतो मी. आत राहिलं."

मी त्याच्या बोटांतले धागे बघत राहिलो.

"तू पाहिलंस म्हणालास."

"हो."

"मग काय बघायचं ते तुला कळलं नसेल. नवा आहेस. मी तुझ्या मागं उभं राहून बघायला हवं होतं." त्यानं थर्मासमधला चहा ओतला, माझ्या कपात न विचारता भरपूर साखर घातली. कप त्यानं माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला. "माफ कर मला," म्हणाला. आयुष्यात कुणी माझी इतकी मनापासून माफी मागितलेली नाही.

क्लबच्या समितीकडे तो स्वतः गेला. मला बोलावलं तेव्हा मी तेच सांगितलं, पाहिलं होतं म्हणून. कुणी त्याला बोल लावला नाही. एकजण हळूच म्हणाला, "वय झालं त्याचं." म्हाताऱ्यानं लाल पट्टा काढून टेबलावर ठेवला. बाहेर गाडीपाशी माझ्याजवळ उभा राहून तो बराच वेळ किल्ल्या चाळवत होता. मग म्हणाला, "माझी आई अशीच गेली. आधी किटली गॅसवर विसरायला लागली. शेवटी मला विसरली. सुरुवात अशीच झाली होती, एका छोट्या गोष्टीनं."

तेव्हा तरी बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि नागरिकत्वाचा अर्ज, गार्डाचं ते "ठीक?", मुलीची शाळा, सगळं एकदम आडवं आलं. "असं काही नसतं हो," एवढंच निघालं.

नळी बाद झाली. बंदूक मी विक्रेत्याकडे जमा केली आणि परवाना परत केला. बायकोला वाटलं, शहाणपण आलं. आईला काहीच माहीत नाही. दर दसऱ्याला ती फोनवर विचारते, "हत्यार पुजलंस न्हवं?" मी हो म्हणतो.

म्हाताऱ्यानं त्या हिवाळ्यात उरलेल्या बंदुका विकल्या. पुढच्या वर्षी गाडी चालवणं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं स्वतःच. तो गावापासून लांब राहतो, बस दिवसातून मोजक्या वेळा. मी ख्रिसमसला बर्फी घेऊन जायचो, बाहेरूनच द्यायचो, गाडी चालू ठेवून.

दोन हजार एकोणीसच्या वसंतात त्यानं मला आत बोलावलं. तोवर आमचं नागरिकत्व येऊन जुनं झालं होतं. म्हणजे ती सबबही उरली नव्हती. स्वयंपाकघरात प्रत्येक प्रेसवर त्यानं चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, कप, चहा, पीठ. चहा झाल्यावर तो उठून गॅस बघून आला, बसला, पुन्हा उठून बघून आला.

"डॉक्टर काय म्हणते?" मी विचारलं.

"दर सहा महिन्यांनी बोलावते. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावते, शंभरातून सात वजा करायला लावते. म्हणते, सगळं ग्रँड आहे, काही सापडत नाही." तो माझ्याकडे बघून हसला. "पण ते फडकं तर सापडलं होतं ना?"

बाहेर मेंढ्या ओरडत होत्या. त्याचे डोळे अगदी स्वच्छ होते. त्यानं मला माझ्या मुलीची परीक्षा कधी आहे ते विचारलं, साताऱ्याजवळच्या त्या पठाराचं नाव सांगितलं, मी त्याला एकदाच सांगितलेलं. हा माणूस काहीही विसरत नव्हता. तीन वर्षं तो स्वतःच्या डोक्यावर पहारा देत बसला होता, आणि त्याला तिथं मी बसवलं होतं. घरात बंदूक होती तेव्हा वाटली नाही एवढी भीती मला त्या टेबलापाशी वाटली. मी म्हणालो, "चहा छान झालाय." आणि निघालो.

हे मी मराठीत लिहितोय, आणि तो मराठी वाचत नाही, हे मला कळतं. इथं लिहून टाकलं म्हणजे सांगितलं, असं होत नाही. तो अजून त्या घरात आहे. मी त्याच्या टेबलापाशी बसून, इंग्रजीत, हे सांगायला हवं की नळीत कापूस होता, तो माझ्या घरून गेला होता, मला माहीत होतं आणि मी खोटं बोललो. हेच समितीसमोरही बोलायला हवं. त्याचं शेवटचं फडकं बाहेर पडलेलं मी पाहिलं होतं. तो काही विसरला नव्हता. एवढं मी त्याचं देणं लागतो, आणि अजून दिलेलं नाही.